मागचे लायनर

ड्रम ओढून काढला आणि लोखंडाचा काळा भुगा माझ्या मांडीवर सांडला. आत लायनर नव्हताच. म्हणजे होता, पण नखाच्या जाडीचा. बाकीचा झिजून खालचा पत्रा उघडा पडला होता आणि त्या पत्र्याने ड्रमला आतून बोट अडकेल एवढे चर पाडले होते. ब्रेक लावला की मागच्या चाकातून खर्र खर्र आवाज येतो, अशी तक्रार होती. तो येणारच होता. लोखंडावर लोखंड घासत होतं.

दुसऱ्या बाजूचं चाक उघडलं. तिथेही तेच.

आता गोष्ट अशी की हे लायनर मीच टाकले होते. दिवाळीच्या आधी, याच जागी, याच पाटावर बसून. ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा जो पट्टा असतो, तो लायनर. मागचे लायनर तीन-तीन वर्षं बघावे लागत नाहीत. हे दोन महिन्यांत संपले होते.

"काय झालं रे?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं. ते माझ्या गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसले होते.

"संपले," मी म्हणालो.

"दोन महिन्यांत?" त्यांच्या मुलाने, हेमंतने विचारलं. तो चाकणला एका कंपनीत होता. दोन दिवसांच्या रजेवर आला होता आणि आवाज त्यानेच पकडला होता.

मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरकाकांनी रस्त्यापलीकडच्या रिक्षा स्टँडकडे तोंड केलं आणि एस.टी.च्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "डुप्लिकेट."

एवढाच शब्द. पलीकडच्या तीन रिक्षावाल्यांनी एकदम इकडे बघितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जात्याच तापट माणूस. बूड एका जागी ठरत नाही, जीभ त्याहून नाही. कोल्हापूरचं गॅरेज मी सोडलं होतं ते याच शब्दापायी. तिथे खोटा माल टाकून खरा सांगायचे. मी चार गिऱ्हाइकांसमोर तोंड वाजवलं आणि त्याच दिवशी पिशवी उचलून बाहेर पडलो. साखरप्याच्या नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा पत्र्याच्या बोर्डावर नावाखाली मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'फक्त अस्सल स्पेअर पार्ट'. त्याला चार महिने झाले होते. आणि पहिली गाडी आणली होती ती ड्रायव्हरकाकांनी. नारळ त्यांनी फोडला होता. यशवंत मांडवकर हे नाव फक्त पोस्टमनला माहीत. बाकी सगळ्या पंचक्रोशीत ते ड्रायव्हरकाका. एस.टी.त एकतीस वर्षं, एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला घरात भिंतीवर. गाडीच्या बाबतीत त्यांनी एक शब्द उच्चारला की तो नाक्यावर कायदा. मला गिऱ्हाइकं मिळाली ती त्यांच्या शब्दावर, आणि जातीलही त्यांच्याच शब्दावर हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

मी उठलो, फळीवरून रिकामा खोका काढला. टाकलेल्या प्रत्येक पार्टचा खोका मी ठेवत असे. "हा बघा काका. शिक्का बघा. कंपनीचा हाय."

त्यांनी खोका हातातही घेतला नाही. "खोका खरा नि माल खोटा, असं पण असतं."

"माझ्याकडं नसतं."

"मग दोन महिन्यांत गेले कसे?" हेमंत म्हणाला. तो आवाज चढवत नव्हता, त्यानेच मी जास्त बेचैन झालो. "जयवंत, माझी आई बसते या गाडीत. आठवड्यातून दोनदा आंबा घाट चढते-उतरते. तुला माहितीये ना कशाला?"

माहीत होतं. इंदुकाकींच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापूरला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं, चार तास पडून राहायचं आणि परत यायचं. ड्रायव्हरकाका त्यांना नेत-आणत. आज गुरुवार.

"उद्या सकाळी सातला तयार पाहिजे," हेमंत म्हणाला. "मला सातचीच पुण्याची एस.टी. आहे. आणि या वेळी माल कुठून आणतोस ते मला दाखव."

ते दोघे गेले. मी रॉकेलमध्ये हात धुतले. मग परत धुतले. मग लक्षात आलं की हात आधीच स्वच्छ आहेत.

ड्रम लेथवर देऊन आतून घासून सपाट करून आणायचे होते, आणि लेथ देवरुखला. दोन्ही ड्रम पोत्यात घालून मी एस.टी.त बसलो. मांडीवर पोतं, आणि डोक्यात एकच चक्र. व्हील सिलेंडर अडकला असेल? नाही, दोन्ही मोकळे होते. स्प्रिंग तुटली? नाही. हातब्रेकची केबल जाम? मग एकच बाजू झिजली असती. ही दोन्ही बाजू मापात घेतल्यासारखी सारखी झिजली होती. खिडकीबाहेर काय गेलं ते मला दिसलं नाही.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय मेस्त्री, डुप्लिकेट निघाले म्हणे?"

ड्रायव्हरकाकांनी शब्द उच्चारून अजून दीड तास झाला नव्हता. शब्द माझ्याआधी एस.टी.त येऊन बसला होता. त्याने टण् करून एक घंटी मारली, गाडी थांबली, माणसं उतरली, दोन घंट्या मारल्या, गाडी निघाली. प्रत्येक घंटीला माझ्या कपाळावरची शीर उडत होती.

लेथवाल्याने ड्रम उजेडात धरला. "निळा पडलाय हा. ही गाडी हातब्रेक लावूनच चालवता काय तुम्ही?"

"एखाद वेळी राहिला असेल खाली करायचा."

"एखाद वेळीने नाय होत असं. दोन्ही भाजून काढलेत."

मी ते वाक्य पोत्यात ड्रमबरोबर घालून परत आणलं.

दोन वाजता गॅरेजवर आलो आणि जेवलो नाही. गाडीखाली शिरलो. हातब्रेकच्या केबलला ताण देणारा नट असतो, तो मी दिवाळीआधी आट्यांच्या मधोमध ठेवला होता. आता तो पार टोकाला होता, आणि त्याच्यावर पकडीचे ताजे, चकाकते ओरखडे होते. माझे नव्हते; मी पाना लावतो. कुणीतरी दर थोड्या दिवसांनी खाली वाकून तो पिळत होतं.

मग मी पुढची चाकं उघडली. तशी काही गरज नव्हती, आवाज मागून येत होता. पण माझ्याने राहवेना. पुढच्या चाकांत लायनरच्या जागी पॅड असतात, तेही मी त्याच दिवशी बदलले होते. पायाने ब्रेक दाबला की निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर येतो, त्यामुळे झिजायचे तर आधी पुढचे. ते मी हातात घेतले आणि तसाच फरशीवर बसलो. पुढचे पॅड कोरे होते. घाटातून तीस-चाळीस वेळा गेलेल्या गाडीचे पॅड, आणि कडासुद्धा मोडलेल्या नाहीत.

हातब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो.

पहिल्यांदा मला आनंदच झाला, हे कबूल करतो. माल खरा होता. माझं काम खरं होतं. पॅड घेऊन रस्त्यात धावत जावं आणि स्टँडवरच्या एकेकाच्या नाकासमोर धरावेत असं वाटलं. त्यापुढचा विचार आला तो सावकाश, आणि तो मला आवडला नाही.

चारच्या सुमाराला ड्रायव्हरकाका आले, एकटेच. पुढची चाकं उघडी बघून दारातच थांबले.

"पुढचं कशाला उघडलंस? आवाज मागून येत होता ना."

"बघत होतो. पॅड कोरे हायत अजून."

त्यांनी पॅडकडे बघितलं नाही. "थांब, चहा सांगून येतो," म्हणाले आणि वळले.

दारात जॅकचा दांडा आडवा पडला होता. त्यांचा उजवा पाय त्याला अडकला आणि चप्पल निघून तिथेच राहिली. काका पुढे गेले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. रस्त्याच्या कडेला बारीक खडी पसरलेली होती, तिच्यावरून गेले, दिवसभर तापलेलं डांबर ओलांडून टपरीवर उभे राहिले. टपरीवाल्याशी काहीतरी थट्टा केली. खाली बघितलंच नाही. मी जागचा हललो नाही. मला वाटलं, आता कळेल, आता कळेल.

दोन ग्लास घेऊन ते तसेच परत आले.

मी चप्पल उचलली आणि त्यांच्या पायापुढे ठेवली.

त्यांनी चपलेकडे बघितलं, मग पायाकडे. अंगठ्याखाली खडा रुतून रक्त आलं होतं. मी त्यांच्या हातातले ग्लास काढून घेतले.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते टायरवर बसले. "साखर हाय ना मना. पावसाळ्यात मुंग्या यायला लागल्या पायाला. मग मुंग्या पण गेल्या."

"आणि ब्रेक?"

"पाय ठेवला तर कशावर ठेवला ता कळत नाय. खाली बघावं लागतं. घाटात खाली बघून गाडी चालवतात काय? गणपतीत एकदा ब्रेक म्हणून दाबला नि गाडी उधळली. पुढं सायकलवर दूधवाला होता. हातब्रेक खेचला म्हणून वाचला तो. तवापासून ब्रेकवर पाय ठेवला नाय. गियर नि हातब्रेक. एक ओरखडा नाय गाडीवर, बग तू."

गाडीवर खरंच ओरखडा नव्हता. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं. हातब्रेकने चालती गाडी थांबवायची तर ती गचके खाते, फिरते. हा माणूस ती घाटात थांबवत होता आणि शेजारी बसणाऱ्याच्या हातातलं पाणी सांडत नव्हतं. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि संताप आला, दोन्ही एकदम.

"आणि डुप्लिकेट मला म्हणालात. सगळ्या स्टँडसमोर."

"हेमंत उभा होता बाजूला."

"म्हणून माझं गॅरेज बुडवायचं?"

त्यांनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी कधी बघितलं नव्हतं. "तो तिला चाकणला नेईल, जयवंता. तिसऱ्या मजल्यावर खोली हाय त्याची. तिला नाय जायचं. म्हणते, मरायचं तर माज्या परसात मरेन. मी गाडी सोडली तर दुसऱ्या दिवशी नेईल तो." मग पायाकडे बघत, "नि मी काय करू मग? गाडी सोडून मना दुसरं काय येतं?"

मी चहाचे ग्लास पाटावर ठेवले.

"हे बग. मी संध्याकाळी स्टँडवर जातो. सांगतो सगळ्यांना, ड्रममदे खडी गेली होती, जयवंताचा माल खरा हाय. माजा शब्द. हेमंताला पण तसंच सांगतो."

"आणि मी?"

"तू काय बोलू नको."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नंतर पुष्कळ वेळा मनात म्हणून बघितलं. पण माझं चार महिन्यांचं गॅरेज त्या एका शब्दात अडकलं होतं आणि तो शब्द मागे घेतला जात होता. मी म्हणालो, "लायनर बसवतो. नट पण नीट लावतो."

आणि लावला. वर हेही सांगतो, त्या संध्याकाळी हातब्रेक मी असा लावला की तसा पुन्हा कधी लावला नाही. पाचव्या खाचेला चाक थांबायला लागायचं, सातव्याला घट्ट. ज्याने गाडी चालवायलाच नको, त्याला मी उत्तम हत्यार करून दिलं.

काकांनी शब्द पाळला. सहा वाजता एक रिक्षावाला मुद्दाम रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "खडी होती म्हणे. मी म्हटलंच होतं, जयवंता असं नाय करायचा." सकाळी त्याने काय म्हटलं होतं ते मला माहीत होतं, पण मी हसलो. त्या रात्री मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. एवढंच.

सकाळी पावणेसातला काका आणि काकी आले. हेमंत बॅग घेऊन सरळ स्टँडवर गेला होता. इंदुकाकी म्हणजे चिमणीएवढी बाई. डाव्या हातावर सुयांच्या जागी पट्ट्या, अंगावर जाडी शाल. पुढच्या सीटवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "उगाच बोल लागला रे तुला."

"काकी, मी जरा मागं बसतो. ब्रेकचं काम केलं की गिऱ्हाइकाबरोबर एक चक्कर मारायची ही माझी पद्धत हाय."

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. नाही म्हणाले नाहीत.

पुलाकडे रस्ता उतरतो आणि तिथेच डावीकडे वळतो. काकांनी गियर कमी केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "एक."

इंदुकाकींचा उजवा हात शालीतून बाहेर आला. अंगठा हातब्रेकच्या बटणावर, बोटं दांड्यावर. त्यांनी दांडा सावकाश वर घेतला. गाडी मंदावली, वळण पार झालं.

"दोन," काका म्हणाले. काकींनी दांडा खाली केला.

"काकी, तुम्ही ओढता?"

"मग कोण?" त्या मागे न वळता म्हणाल्या, आणि आवाजात थोडी ऐटही होती. "सपाटीला हे ओढतात. घाटात ह्यांना दोन्ही हात लागतात ना. एक म्हंजे थांबव, दोन म्हंजे सोड. एस.टी.च्या घंटीसारखं. फक्त हितं घंटी ड्रायव्हर मारतो."

काका समोर बघत होते. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

"येताना पण?" मी विचारलं.

"येताना जरा कठीण जातं. सुया काढल्या की अंगात कायच राहत नाय रे. डोळा मिटतो आपोआप. मग हे हाक मारतात."

"आणि जाग नाय आली तर?"

"येते." मग त्या हसल्या. "मंगळवारी म्हणे तीनदा 'एक' म्हणाले. मना चौथ्याला ऐकू आलं."

घाट उतरताना डाव्या हाताला दरी असते. तिथला कठडा दोन ठिकाणी तुटलेला होता, तो मला इथे पुलापाशी, गाडीत बसल्या बसल्या दिसायला लागला.

काकांनी गाडी वळवून स्टँडजवळ आणली. "उतर आता, जयवंता," ते म्हणाले. आणि मी दार उघडल्यावर, हळू, "शब्द दिलायस तू."

हेमंत टपरीपाशी उभा होता. मला बघून स्वतःच पुढे आला आणि माझा हात धरला. आजूबाजूला रिक्षावाले होते, कालचा तो कंडक्टरही होता. "अरे, बाबांनी सांगितलं. खडी होती म्हणे. मी काल उगाच बोललो, मनावर घेऊ नकोस." सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मला पाहिजे होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. मी नुसतं "चालायचंच" म्हटलं असतं तर संपलं असतं.

माझे पाय एका जागी राहीनात. मी त्याला दंडाला धरून टपरीच्या मागे नेलं आणि पाच-सहा वाक्यांत सगळं सांगितलं. पाय, चप्पल, दूधवाला, एक आणि दोन. पहिल्या वाक्याला त्याने माझा शर्ट धरला. शेवटच्याला सोडला.

"चौथ्याला?" त्याने विचारलं.

"चौथ्याला."

पुण्याची गाडी आली. तिच्याकडे न बघता तो बापाच्या गाडीपाशी गेला, खिडकीतून हात आत घातला आणि म्हणाला, "बाबा, किल्ली द्या."

आवाज मोठा नव्हता, पण तसला आवाज माणसांना लगेच ऐकू येतो. स्टँडवरची तोंडं वळली. एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला. तो कधीकाळी काकांच्या हाताखाली शिकलेला. "काय झालं काका?" त्याने विचारलं.

काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. ज्या स्टँडवर एकतीस वर्षं ते गाडी लावत आणि काढत होते, तिथे ते बसले होते आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता. मला त्यांचा राग आला होता, चांगला रात्रभर मुरलेला राग. तो कुठे गेला कोण जाणे. काकी मांडीवरच्या हाताकडे बघत होत्या. हेमंत लोकांकडे वळला आणि म्हणाला, "बाबांना आता—"

"माझी चूक हाय," मी मध्येच बोललो. जीभ माझी, पण वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. "लायनर डुप्लिकेट होते. काकांनी काल बरोबर ओळखलं होतं. खडीबिडी काय नव्हती, मला सांभाळून घ्यायला म्हणाले ते. आता टाकलेत ते खरे हायत, पण नवे हायत, पायाला जोर लागतो. काकांना त्रास नको म्हणून हेमंतभाऊ चालवतायत."

कालचा रिक्षावाला, ज्याने म्हटलंच होतं की जयवंता असं करायचा नाही, तो म्हणाला, "मग तो बोर्ड उतरव की."

पुढचं सांगून टाकतो. बोर्ड मी शिमग्यापर्यंत ठेवला. त्याखाली गाडी आली नाही, फक्त पंक्चरच्या सायकली आल्या. मग कराडला गेलो, दुसऱ्याच्या गॅरेजात पाच वर्षं काढली, नंतर स्वतःचं टाकलं. हेमंतने त्या शुक्रवारी आईला कोल्हापूरला नेलं आणि पुढच्या आठवड्यात दोघांना चाकणला. काकी तिथे सव्वा वर्ष जगल्या, तिसऱ्या मजल्यावर. त्यांना त्यांचं परस पुन्हा दिसलं नाही. हे मी केलं, हे मला माहीत आहे. दरीत गेले नाहीत हेही मीच केलं असं हेमंत एकदा फोनवर म्हणाला होता, पण न झालेली गोष्ट मोजायची कशी ते मला कळत नाही. स्टँडवर खोटं बोलल्याचा मात्र मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. माझं नाव मी दुसऱ्या गावात पुन्हा कमावलं. त्यांना दुसरं गाव नव्हतं.

त्या सकाळी काका गाडीतून उतरले. किल्ली हेमंतच्या हातात दिली. एस.टी.च्या ड्रायव्हरने वाट करून दिली तसे गाडीला वळसा घालून मागच्या दाराशी आले, जिथे मी उभा होतो. माझ्याकडे बघितलं नाही. आत बसले, उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. हेमंतने गाडी सुरू केली आणि आरशात बघून म्हणाला, "बाबा, दार."

काकांचा हात दारावर फिरायला लागला. काच खाली करायची मूठ धरली, सोडली, खाली गेला, पुन्हा वर आला. अकरा वर्षं ती गाडी त्यांची होती आणि ते मागे कधी बसले नव्हते.

"हे आतून कसं लावतात रे?" त्यांनी मला विचारलं.

मी दार बाहेरून ढकलून लावलं.